आत्याच्या फॉर्मवरची तेवीस लग्नं

ती. मिथुनभाऊजी यांस,

सारसोळ्याहून हरेशचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? सुचिताताईचा खोकला गेला का? इकडे आई बरी, बाबा बरे, आणि मी बरा म्हणायचं म्हणून बरा. फोन सोडून कागद हातात का घेतला असं तुम्हाला वाटेल. पण तुमच्याकडे फोन ताई उचलते, उचलला की स्पीकरवर टाकते, आणि मोरा बंदरावर लाँचची वाट बघणाऱ्या माणसांनासुद्धा माझी खबर कळते. (मागे मला मूळव्याध झाली तेव्हा दोन अनोळखी माणसांनी मला औषध सुचवलं होतं.) व्हॉट्सअॅपवर लिहावं तर तुम्ही न वाचता अंगठा पाठवता. म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचे गोटीरामकाका आज जाळं आणायला मोऱ्याला निघालेत, त्यांच्या हाती देतोय. ते वाटेत वाचतील ही भीती नाही, कारण त्यांच्या चष्म्याला सध्या एकच काच आहे.

आमच्या घरी, म्हणजे तुमच्या सासुरवाडीत, मी नेमकी कसली नोकरी करतो हे बारा वर्षांत कोणालाच कळलेलं नाही, तुम्हालाही नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. तरी सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. म्हाप्याच्या एका कंपनीत बसून मी दिवसभर फॉर्म भरतो. मोबाइलवर, कॉम्प्युटरवर, दुसऱ्यांनी बनवलेले. लोक काहीतरी हवं असतं म्हणून फॉर्म भरतात, मी तो कुठे अडकतो हे बघायला भरतो. आता फॉर्म उघडतो तो ब्राउजरमध्ये, म्हणजे ज्यात तुम्ही भरती-ओहोटीच्या वेळा बघता त्यात. हे ब्राउजर चार तऱ्हेचे. एकच निरोप चार भावांना सांगावा आणि चौघांनी चार अर्थ घेऊन भांडावं, तसं त्यांचं असतं. एकाच्या चित्रात रंगीत चकती, एकाच्या चित्रात कोल्हा, एकाच्या चित्रात होकायंत्र, एकाच्या चित्रात लाट. मी त्यांना त्याच नावांनी ओळखतो. चकतीवाल्यात चाललेला फॉर्म होकायंत्रवाल्यात मुका बसतो, मग मी तो पुन्हा भरायचा, पुन्हा, पुन्हा. बारा वर्षं झाली. खूप कंटाळा आलाय, भाऊजी. हे घरी कोणाला बोललो नव्हतो, तुम्हाला बोलतोय.

तर हीच विद्या मी घरी वापरली आणि गोजराआत्याचं वाटोळं केलं. तुम्हाला आत्या माहीत आहे, तुमच्या हळदीत सकाळपासून रात्रीपर्यंत तिचाच आवाज होता. सारसोळ्यात पन्नास वर्षं ती धवलारीण आहे, लग्नाचे धवले तीच गाते. आपल्यात भटजी उशिरा आला तर चालतं, पण धवलारणीने धवला धरल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नाही. तिला बोलवायची रीतही ठरलेली: घरचं मोठं माणूस नारळ घेऊन तिच्या ओट्यावर येणार, ती आधी चहा देणार, मग नाही नाही म्हणणार, मग हो म्हणणार. तारखा सगळ्या तोंडपाठ. पण गेल्या वर्षी एकाच दिवशी दोन घरचे नारळ तिने घेतले (वय चौऱ्याहत्तर आहे हो, होतं एखाद्या वेळी) आणि दोन्ही वऱ्हाडं ओट्यावर येऊन भांडली. आत्या त्या रात्री जेवली नाही. मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी फॉर्म करतो, दुसरं काही मला येत नाही. वराचं नाव, वधूचं नाव, तारीख, वेळ, मोबाइल नंबर, विशेष सूचना, खाली बटण. एक तारीख एका जोडप्याच्या नावावर गेली की दुसऱ्या जोडप्याला मिळायची नाही. फॉर्म आला की आत्याच्या फोनवर मेसेज जाणार आणि फोन तो मोठ्याने वाचून दाखवणार, कारण आत्याला अक्षर येत नाही. दिवाळी झाल्यावर मी तिच्या दारावर पाटी लावली, ‘कृपया घरी येऊ नये, फॉर्म भरावा’. ही पाटी मी माझ्या हाताने लावली, स्टुलावर चढून.

तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली, मार्गशीर्ष गेला, पौष गेला. आत्याच्या फोनवर एक मेसेज नाही. ती रोज आंघोळ करून, केसांत फूल माळून फोन मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. मी कामावरून आलो की एवढंच विचारायची, “हरेश, यो फोन मुका तं नाय ना?” मी फोन बघायचो, ठणठणीत. फॉर्म माझ्या मोबाइलवर भरून बघायचो, चालायचा. मग मीही मनात म्हटलं, लोकांना आता डीजेच हवा असेल. (म्हणजे बघा, बारा वर्षं मी लोकांना ओरडून सांगतोय की स्वतःच्या फोनवर चाललं म्हणजे चाललं असं नाही, आणि घरच्या फॉर्मला मी तेच केलं.) माघात मागच्या आळीतल्या सत्यभामाकाकींच्या मोठ्याचं लग्न निघालं. आत्याला बोलावणं नाही. हळदीच्या दिवशी मांडवात स्पीकरवर धवले लागले, आणि भाऊजी, तो आवाज आत्याचाच होता. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी मोबाइलवर धरून ठेवलेला. आत्या स्वतःच्या ओट्यावर बसून स्वतःला ऐकत होती. मी शेजारी उभा होतो, मला तिच्याकडे बघवेना. सगळं संपल्यावर सुटलेल्या ओळींबद्दल तेवढं म्हणाली, “मदल्या दोन ओली गालल्यान.” आणि आत जाऊन पडली. दुसऱ्या दिवसापासून केसांत फूल नाही, आणि फोन फळीवर, पालथा.

आता यात तुमची चुलत बहीण स्नेहल कशी आली ते सांगतो. उलव्याच्या अरविंदकाकांच्या धाकट्याचं, म्हणजे तिच्या भावाचं, लग्न ठरलंय हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्या हळदीला आत्या हवी म्हणून स्नेहलने फॉर्म भरला. बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. इतर लोक अशा वेळी काय करतात? रुसतात. स्नेहल रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, तिला सुई लागली नाही तर दुसरी शीर बघायची सवय आहे. तिने ताईकडून माझा नंबर घेतला आणि लॅबमधूनच फोन केला: “तुमचा फॉर्म बिघडलाय की तुमची आत्या रागावलीय, एकदा काय ते सांगा.” इतकं सरळ मला कंपनीत कोणी विचारलं नाही. मी म्हटलं, बिघडलाय बहुतेक. म्हणाली, मग आत्तापर्यंत काय करत होता?

पुढचे तीन आठवडे रोज तिचा डबा खायच्या सुट्टीत आम्ही फॉर्म भरला. ती तिच्या फोनवर, मी इकडे. मी विचारणार, बटण दाबलं? ती म्हणणार, दाबलं. काय झालं? काही नाही. मग मी काहीतरी बदलणार आणि म्हणणार, आता दाबा. मध्येच ती डब्यात काय आहे ते सांगायची, म्हणजे विषय नसताना. (एकदा मांदेलीचं कालवण होतं, एकदा नुसती खिचडी, कारण आई चिडली होती.) तुम्हीचं तू कधी झालं त्याची नोंद माझ्याकडे नाही, बाकी सगळ्याची आहे. शेवटी सापडलं. तारीख आणि वेळ एकत्र जोडताना मी दोघांच्या मध्ये एक मोकळी जागा सोडली होती. चकतीवाला ती जागा समजून घ्यायचा, आणि स्नेहलच्या फोनातला होकायंत्रवाला म्हणायचा ही तारीखच नव्हे, आणि बटणच मरायचं. एवढ्याशा मोकळ्या जागेत तिच्या भावाची हळद अडकली होती.

मी खूश झालो, तर ती म्हणते, माझा एकीचा फोन असला आहे, सारसोळ्यात काय सगळ्यांकडे आहे का? मग बाकीच्यांचं काय झालं? तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं की जाऊन विचारावं. सत्यभामाकाकींच्या दारात गेलो. त्यांनी आधी दार लावलं, मग उघडलं, मग बोलल्या. चार वेळा फॉर्म भरला होता त्यांनी, वेगवेगळ्या फोनवर! चकतीवाल्यात मोबाइल नंबर उमटतच नव्हता. कोल्हावाल्यात उमटायचा, पण बटण दाबलं की फॉर्म नाही म्हणायचा. मी म्हटलं, माझ्यासमोर भरा. त्यांनी भरला, आणि नंबर मराठी आकड्यांत घातला. नऊ, आठ, दोन, सगळं देवनागरीत. मी म्हटलं, काकी, आकडे इंग्रजीत का नाही घातले? त्यांनी मला फॉर्मच्या माथ्यावर लिहिलेलं बोटाने दाखवलं: ‘सर्व माहिती मराठीतच भरावी.’ हे मीच लिहिलं होतं. आत्या म्हणाली होती, धवला आपल्या भाषेत तर कागद पण आपल्या भाषेत, आणि मला ते इतकं पटलं होतं की ठळक अक्षरांत लिहिलं. सारसोळ्याच्या सगळ्या घरांनी माझी आज्ञा पाळली आणि पाळणाऱ्या प्रत्येकाला मी परत पाठवलं. काकी म्हणाल्या, “फॉरम घेत नाय मंजे गोजरा घेत नाय, आमी समजलू. दारात येव नको बोलून पाटी पन लावलीस!” म्हणजे तीन महिने सगळं गाव आत्यावर रुसलं होतं आणि आत्या गावावर, आणि मधे मी नुसता फोन तपासत बसलो होतो. मला त्या दिवशी स्वतःची एवढी लाज वाटली की मी काकींचा चहा तसाच ठेवून आलो.

पाटी त्याच संध्याकाळी काढली. आकडे दोन्ही तऱ्हेचे घेतले जातील असं केलं. आणि रविवारी, म्हणजे आता दोन आठवडे झाले, मी आणि स्नेहल दोघांनी फोनवर बोलत बोलत फॉर्म पूर्ण तपासायला घेतला. प्रत्येक ब्राउजर, प्रत्येक तऱ्हेची तारीख. भाऊजी, आता नीट वाचा. तपासताना वराच्या आणि वधूच्या रकान्यात काहीतरी नाव घालावं लागतं. कंपनीत आम्ही अब, कख असलं घालतो. पण हा फॉर्म मी स्वतः केलेला, दोन अक्षरांवर तो तक्रार करतो, म्हणून वराच्या जागी माझं नाव घातलं, ते हाताशी होतं. वधूच्या जागी काय घालू विचारलं तर ती म्हणाली, घाल काहीही. फोनच्या पडद्यावर तिचं नाव दिसत होतं, ते घातलं. यात दुसरं काही नाही. शिवाय कोल्हावाल्याची एक खोड आहे, पान पुन्हा ताजं केलं तरी आधीची नावं तो पुसत नाही, त्यामुळे तीच राहिली. तिच्या फोनवरून जे फॉर्म आले त्यातही तीच दोन नावं होती. तसं मी सांगितलं नव्हतं, पण तपासणीत सगळीकडे एकच माहिती ठेवायची पद्धत आहे. तिला ती कोणी शिकवली कोण जाणे. असे तेवीस फॉर्म भरले, तेवीसच्या तेवीस गेले, आम्ही दोघं फोनवर हसलो. बारा वर्षांत काम करताना मी हसलो ते पहिल्यांदा.

आत्याला जाणारे मेसेज बंद करायला मी विसरलो होतो.

संध्याकाळी घरी गेलो तर आत्या ओट्यावर. केसांत फूल. फळीवरचा पालथा फोन सुलटा करून तिने दुपारभर मांडीवर घेतला होता आणि त्यातली बाई तेवीस वेळा बोलली होती: वर हरेश, वधू स्नेहल. तारखा मात्र प्रत्येक वेळी वेगळ्या, कारण तारखाच तर तपासत होतो. आत्याने याचा अर्थ असा लावला की दोन्ही घरं मुहूर्त शोधतायत आणि रीतीने आधी धवलारणीला विचारतायत. नारळ नाही आला म्हणून काय झालं, तेवीस वेळा विचारलं! तिने एकेक तारीख घेऊन निकालात काढली होती. अमावस्येवर ती माझ्यावर चिडली, “अवसंला कोन हलद लावतं रं?” एक तारीख मी मुद्दाम १९४० सालची घातली होती, फॉर्म मागची तारीख घेतो का बघायला (घेतो, हीही चूकच). त्यावर म्हणाली, “तवा मी जलमाला पन नव्हती, मना कशी बोलवतान?” शेवटी तिने अकरा मे पक्की केली आणि मला सांगितलं, या सराईतला माझा पहिला धवला माझ्या घरातच होईल, तोवर दुसऱ्याचा नारळ घेणार नाही.

मी तोंड उघडलं होतं, आई शप्पथ. पण आतून आईच्या रडण्याचा आवाज आला, आनंदाचा. बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बाबांनी गेल्या वीस वर्षांत कोणाच्या पाठीवर हात ठेवल्याचं तुम्हाला आठवतं का? एकेचाळीस वर्षांच्या बिनलग्नाच्या माणसाने त्या क्षणी ‘हे टेस्टिंग होतं’ असं कसं म्हणावं? आत्या त्या दिवसापासून पहाटे आवाज लावून बघते. खोकला येतो, थांबते, पाणी पिते, पुन्हा लावते. पाटी गेल्यापासून लोक नारळ घेऊन येऊ लागलेत, सत्यभामाकाकी धाकट्यासाठी येऊन गेल्या, दोघी गळ्यात गळा घालून रडल्या, आणि आत्याने नारळ परत दिला: आधी हरेशचं. उद्या तिला कळलं की ती तेवीस बोलावणी खोटी होती, तर ती बाकीची खरी पण खोटीच धरेल. पुन्हा फोन पालथा घालेल आणि या खेपेला सुलटा करायची नाही. मी तिला ओळखतो.

म्हणून विनंती अशी, की तुम्ही एकदा येऊन आत्याला समजावून सांगा. जावयाच्या शब्दाला या घरात मान आहे. हरेश फक्त फॉर्म तपासत होता, मनात तसलं काही नव्हतं, पोरगी बिचारी मदत करत होती, एवढं सांगायचं. तुम्ही सांगाल तर तिला कमी लागेल. येताना सुकट आणू नका, आई पथ्यावर आहे.

ताईला नमस्कार सांगा आणि पत्र दाखवू नका. बाकी सगळं आहे तसंच आहे, थोडं जास्त.

तुमचा थकलेला मेहुणा,
हरेश

ता. क. वर लिहिलंय ते सांगायला येऊ नका. पत्र घडी घालून ठेवलं होतं तेवढ्यात आई म्हणाली, आत्याने चार दिवसांपूर्वीच उलव्याला फोन करून स्नेहलला अकरा मे कळवलीय. स्नेहलने काय म्हटलं विचारलं, तर आत्या म्हणते, “आयकून घेतलान.” भाऊजी, चार दिवस डबा खायच्या सुट्टीत तिचा फोन आलेला नाही. मला वाटत होतं लॅबमध्ये गर्दी असेल. मीही केलेला नाही. फॉर्म दुरुस्त झालाय, आता काय म्हणून करू?

ता. क. दुसरं. खरं सांगतो. घाल काहीही असं ती म्हणाली तेव्हा माझ्या पडद्यावर तिचं नाव दिसत नव्हतं, फोन कानाला होता. म्हणून मोऱ्याहून निघालातच तर सारसोळ्याला नका येऊ, उलव्याला उतरा. अरविंदकाकांकडे जा, रीतीने बोलणं काढा. लोक साटंलोटं म्हणतील, म्हणू देत. काका नाही म्हणाले तर काकांचं ‘नाही’ आणू नका, तिचं स्वतःचं काय ते आणा. आणि ती रागावली असेल तर सांगा की हरेशने माफी मागितली आहे, नाव न विचारता घातल्याबद्दल. आत्याचं काय करायचं ते मग मी बघेन.

ता. क. तिसरं. गोटीरामकाका चपला घालून दारात उभे आहेत आणि मला शिव्या देतायत, तरी पाकीट पुन्हा फोडलं. आत्ता फॉर्म आला. मी भरलेला नाही. वर हरेश, वधू स्नेहल, तारीख अकरा मे, मोबाइल नंबर तिचा, तोही मराठी आकड्यांत. विशेष सूचनेत लिहिलंय: “ही टेस्ट नाही. नारळ घेऊन बाबा रविवारी आत्यांकडे येतील.” आणि तो दोनदा आलाय, कारण एकदा दाबल्यावर बटण बंद व्हायला हवं ते मी केलेलंच नाही. बरं झालं नाही केलं. एकदाच आला असता तर चुकून दाबलं गेलं असेल असं म्हणून मी आणखी चार दिवस गप्प बसलो असतो.